स्वतः जेवतो, म्हणजे...

“स्वतःच्या हातानं जेवतो का?”

मॅडमनी कागदावरून मान वर न करता विचारलं. मी तोंड उघडायच्या आत शेजारून सासूबाई म्हणाल्या, “हो तर! छान जेवतो. ताटात एक शीत टाकत नाही.”

मॅडमच्या पेनानं रकान्यात बरोबरची खूण केली.

“कपडे?”

“घालतो की.”

“शी-शू सांगतो?”

“सांगतो, सांगतो.”

आणखी दोन खुणा. मी सासूबाईंचा पदर हळूच ओढला. त्यांना वाटलं पदर घसरलाय. त्यांनी तो खांद्यावर सारखा केला आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

ज्या मुलासाठी दिव्यांग प्रमाणपत्र मागायला आम्ही पहाटे साडेपाचची एसटी धरून जिल्ह्याच्या गावी आलो होतो, तो मुलगा त्या खोलीत दहा मिनिटांत जवळजवळ बरा होऊन गेला. शेवटी मॅडमनी पेन खाली ठेवलं, आमच्या फायलीतला थेरपीचा अहवाल उघडला आणि म्हणाल्या, “आजी म्हणतात सगळं येतं. हा कागद म्हणतो यातलं निम्मं येत नाही. मी कुणाचं धरू?”

सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. मला एकटीला विचारलं असतं तरी जेवणाच्या प्रश्नाला मी ‘हो’च म्हणाले असते. मागून कुणी ‘म्हणजे कसं?’ असं विचारलं असतं तरच मी अडखळले असते. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जड गेली ती ही गोष्ट. रांगा, झेरॉक्स, सर्व्हर हे सगळं त्यापुढे किरकोळ.

थोडं मागचं सांगते. मुलगा तेव्हा सहा पूर्ण होऊन सातव्यात होता. स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, हे निदान साडेतीन वर्षांचा असताना झालं होतं. सासूबाईंना ‘स्वमग्न’ हा शब्द पहिल्या दिवसापासून आवडला. “आपल्यातच रमलेला. मग त्यात वाईट काय?” असं त्या आजही विचारतात आणि मला आजही त्याचं नीट उत्तर देता येत नाही. निदानानंतर ऑक्युपेशनल थेरपी, मग स्पीच. आठवड्याला तीन सेशन्स, एका सेशनचे पाचशे रुपये. जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. अडीच वर्षं हे चाललं होतं आणि प्रमाणपत्राचं नाव आम्ही काढलं नव्हतं.

नवऱ्याचं म्हणणं होतं की डॉक्टरांच्या फायलीत आहे तेवढं पुरे, सरकारी कागदावर आलं की ते कायमचं होतं. मी त्याच्याशी कधी वाद घातला नाही आणि ते समजूतदारपणामुळे नव्हतं. मलाही तेच वाटत होतं, फक्त बोलून दाखवायचं काम तो करत होता.

विषय निघाला तो शाळेमुळे. पहिलीच्या बाई चांगल्या होत्या. मधल्या सुट्टीच्या घंटेला हा कान दाबून बाकाखाली जायचा, तेव्हा त्या घंटेआधी दोन मिनिटं त्याला व्हरांड्यात नेऊन बसवायच्या. पण एक दिवस म्हणाल्या, “ताई, मी हे माझ्या मनानं करतेय. उद्या माझी बदली झाली तर? माझ्या हातात एखादा कागद द्या, म्हणजे मला वर बोलता येईल.” मग थेरपी सेंटरच्या बाकड्यावर भेटणाऱ्या एका आईनं तिच्या मुलीचं दिव्यांग कार्ड पर्समधून काढून दाखवलं. पॅनकार्डाएवढं, वर पिवळा पट्टा. ती चार घरची धुणीभांडी करते. माझ्याआधी दीड वर्षं तिनं हे सगळं एकटीनं उरकलं होतं. मला जराशी लाजच वाटली.

घरात पहिला होकार दिला तो सासऱ्यांनी. आप्पा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेत. नातवाच्या आजाराविषयी, त्यांच्या भाषेत ‘त्या विषयाबाबत’, ते आजवर फारसं बोलले नव्हते. पण अर्ज करायचा म्हटल्यावर त्यांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम छापून आणवला आणि दोन दिवस पेन्सिलीनं खुणा करत वाचला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते आणि त्यात ऑटिझम नव्हता. नव्या कायद्यात एकवीस आहेत आणि त्यात तो आहे. “म्हणजे आपण हक्कानं जातोय, उपकार मागायला नाही,” असं त्यांनी जेवताना जाहीर केलं. चाळीस टक्के दिव्यांगत्वाची रेघही त्यांनीच समजावली. प्रमाणपत्र त्याच्या खालीही मिळतं, पण बहुतेक योजनांचं दार चाळीसला उघडतं. मग निळ्या रंगाची एक फाईल आली, तिला टॅग आला, पानांना क्रमांक पडले आणि पहिल्या पानावर आप्पांच्या मोत्यासारख्या अक्षरात अनुक्रमणिका.

अर्ज ऑनलाइन. १ जून २०२१ पासून दिव्यांग प्रमाणपत्रं युडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवरूनच द्यायची असा नियम आहे, त्यामुळे कागदाचा गठ्ठा घेऊन थेट सिव्हिलला जाऊन भागत नाही. पण पोर्टलला आधार हवं आणि आमच्या मुलाचं आधार होतं ते लहानपणी काढलेलं निळं, बाल आधार. त्यात बोटांचे ठसे नसतात. पाच वर्षांनंतर ते द्यावे लागतात आणि ते द्यायला आम्ही टाळाटाळ करत होतो, कारण त्याच्या बोटांना परक्या माणसानं हात लावला की काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं. तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या दिवशी तो केंद्राच्या पायरीवरूनच परत फिरला. दुसऱ्या दिवशी ठसे घ्यायच्या यंत्रातला हिरवा उजेड त्याला दिसला आणि तो इतका आवडला, की तो उजेड झाकला जाईल म्हणून त्यावर बोट ठेवायलाच तयार होईना. तिसऱ्या दिवशी केंद्रातल्या मुलानं डोक्यालिटी केली. आधी स्वतःचं बोट ठेवलं, उजेड घालवला, उचललं, उजेड परत आणला. असं वीसेक वेळा. एकविसाव्या वेळी आमच्या चिरंजीवांनी स्वतःहून बोट ठेवलं. त्या मुलाला ऑटिझम म्हणजे काय हे माहीत नव्हतं. पण मी आजवर पाहिलेल्या चांगल्या थेरपिस्टांमध्ये मी त्याला धरते.

फॉर्म रात्री नवऱ्यानंच भरला. नाव, पत्ता, फोटो, सही किंवा अंगठा, सगळं ठरावीक केबीच्या आत बसवायचं. एका ठिकाणी त्याचा हात थांबला. दिव्यांगत्व जन्मापासून आहे का, हो की नाही. खाली रिकाम्या जागेत, नाही तर कधीपासून. आम्ही दोघं त्या प्रश्नाकडे बघत राहिलो. दीड वर्षाचा असताना त्याचे आठ-दहा शब्द आले होते आणि मग एकेक करून गेले होते. त्या सुमाराला मी नोकरीवर परत रुजू झाले होते. माझ्या मनात या दोन गोष्टींची गाठ किती वर्षं बसलेली होती ते मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यानं ‘हो’वर क्लिक केलं आणि म्हणाला, “डॉक्टरांनी सांगितलंय ना, जन्मापासूनच असतं ते. पुढे चल.” प्रमाणपत्राला विरोध करणारा हाच माणूस.

मग जिल्हा रुग्णालय आणि सुरुवातीला सांगितलेली ती खोली. दिव्यांग तपासणीचा वार ठरलेला, बुधवार. केस पेपर, त्यावर एक शिक्का, मग दुसऱ्या मजल्यावर मानसशास्त्रज्ञ मॅडम. त्या दिवशी चाललं होतं ते सोशल मॅच्युरिटी स्केल. वयाच्या मानानं मूल रोजच्या जगण्यात काय काय करतं ते पालकांना विचारून मोजतात. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी सासूबाईंना चहा प्यायला पाठवलं आणि मला म्हणाल्या, “पुढल्या वेळी येताना पंधरा दिवस लिहून आणा. काय केलं ते नका लिहू. ते होण्यासाठी घरातल्या कुणी काय काय केलं, ते लिहा.”

परतीच्या एसटीत मी सासूबाईंशी एक शब्द बोलले नाही. त्याही खिडकीबाहेर बघत होत्या. निम्मी वाट संपल्यावर म्हणाल्या, “परक्या माणसासमोर लेकराला नाही नाही कसं म्हणायचं गं?” मी त्यांच्यावर चिडले होते, पण या प्रश्नावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. अडीच वर्षं मीसुद्धा दर आठवड्याला थेरपिस्टच्या वहीत जमलेल्या गोष्टीच लिहीत होते. शर्टाचं एक बटण लावलं, शेजारच्या काकूंना टाटा केला. त्या वहीवर स्टार चिकटवायचे असतात.

घरी आल्यावर दुसरी वही केली. पहिल्या दिवशी लिहिलं, ‘सकाळी खूप त्रास दिला. जेवताना नेहमीसारखंच.’ आप्पांनी वाचलं आणि वही परत दिली. “अगं, ही काय टिपणी झाली? विशेषणं काढ. ‘खूप’ म्हणजे किती? ‘नेहमीसारखं’ म्हणजे कसं? हा कागद वाचणारा माणूस आपल्या घरात राहत नाही.” चाळीस वर्षं तलाठ्यांचे अहवाल तपासलेल्या माणसाचा हात होता तो.

मग मी नव्यानं लिहायला बसले आणि ‘म्हणजे’ हा शब्द वहीत आला.

स्वतः जेवतो. म्हणजे पांढरा भात आणि पिवळं वरण, ताटाच्या दोन कडांना, एकमेकांना न लागता. लागलं तर ताट बदलायचं, वरणभात टाकून नवीन वाढायचा. ताट तेच, काठाला पोचा असलेलं. ते ताट प्रवासातही आमच्या पिशवीत असतं. कुकरची शिट्टी त्याच्यासमोर होता कामा नये, म्हणून स्वयंपाक तो उठायच्या आत. पहिले चार घास मी चमचा त्याच्या हातात धरून भरवते, पाचवा तो स्वतः घेतो. समोरच्या खुर्चीवर कुणीतरी बसावं लागतं, पण बोलायचं नाही. एक जेवण सरासरी पन्नास मिनिटं. ताटात शीत टाकत नाही हे खरं.

कपडे घालतो. म्हणजे मानेमागचं लेबल कापलेले, तीन वेळा धुतलेले, बिनबाह्यांचे नसलेले. मी शर्ट पलंगावर उताणा पसरते, तो त्यात शिरतो. शाळेचा गणवेश नवीन आला तेव्हा मी तो पंधरा दिवस रोज धुतला.

शू सांगतो. म्हणजे उठून दाराशी उभा राहतो. दाराशी उभा राहणं म्हणजे शू, हे घरातल्या चार माणसांना ठाऊक आहे. जगात आणखी कुणाला नाही.

लिहिता लिहिता मला कळेना, की मी मुलाविषयी लिहितेय की आमच्याविषयी. त्याची अडचण आम्ही इतकी झाकून टाकली होती, की ती आमची आम्हालाच दिसत नव्हती. शिट्टी होत नाही म्हणून किंकाळी येत नाही, आणि किंकाळी येत नाही म्हणून ‘हल्ली तो शांत असतो’ असं आम्ही पाहुण्यांना सांगत होतो. पहाटे साडेचारचा कुकर कुणाच्याच हिशेबात नव्हता. माझ्यासुद्धा.

सोपं नव्हतं ते लिहिणं, हेही सांगून टाकते. रात्री तो झोपल्यावर लिहायचे. झोपेत त्याचा चेहरा इतका स्वच्छ असतो, आणि मी त्याच्या उशाशी बसून लिहितेय, ‘आज सात वेळा स्वतःच्या मनगटाला चावला.’ चहाडी केल्यासारखं वाटायचं. तीन दिवस वही बंदच ठेवली. मग बाकड्यावरच्या त्या आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “मी तर लिहू शकत नाही, सगळं डॉक्टरांना तोंडानं बोलले. पोरीदेखत. तुमचं बरंय की.” दुसऱ्या दिवसापासून मुकाट्यानं पुन्हा लिहायला लागले.

नवव्या दिवशी वही नवऱ्यानं उचलली. सोमवारच्या नोंदीत मी लिहिलं होतं, ‘रात्री दीडला जागा झाला. २ ते ३.४० त्याच्या बाबांनी गाडीवरून फिरवलं, मग झोपला.’ त्यानं बराच वेळ वाचलं. सकाळी पाहिलं तर खाली त्याच्या अक्षरात ओळ होती, ‘बुधवारी आणि शुक्रवारीसुद्धा. तू झोपली होतीस.’

दुसरी फेरी वाया गेली. सर्व्हर बंद होता, दुपारी दोनपर्यंत बसून परत. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की त्या व्हरांड्यात अकरा पंखे आहेत आणि त्यातला सातवा उलटा फिरतो. ही माहिती चिरंजीवांची.

तिसऱ्या फेरीला सासूबाईंनी स्वतःच “मी नाही येत” म्हटलं. आम्ही दोघं, तो, निळी फाईल आणि वही. या वेळी आयसा होती, म्हणजे ऑटिझम मोजण्याची भारतीय पट्टी. सहा विभाग मिळून चाळीस विधानं. नजर देत नाही, एकटा एकटा राहतो, ऐकलेले शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो, बदल चालत नाही अशी. प्रत्येकाला एक ते पाच गुण. क्वचित असेल तर एक, कायम असेल तर पाच. म्हणजे कमीत कमी चाळीस आणि जास्तीत जास्त दोनशे. सत्तरच्या खाली असेल तर ऑटिझम धरत नाहीत.

आणि नेमका त्या दिवशी तो मॅडमकडे टक लावून बघत बसला. एरवी माझ्याकडेही न बघणारा मुलगा सलग दोन-तीन मिनिटं त्यांच्या डोळ्यांत बघतोय! माझ्या पोटात गोळा आला. मॅडमनी बोलता बोलता चष्मा काढून हातात घेतला. त्याची नजर चष्म्याबरोबर खाली आली. चष्म्याच्या काचेत छताचा पंखा फिरत होता. मॅडम काही बोलल्या नाहीत, त्यांनी आकडा लिहिला. मोजमाप कशाला म्हणतात हे मला तेव्हा कळलं.

“तुझं नाव काय?” असं मानसोपचारतज्ज्ञ सरांनी विचारलं. “तुझं नाव काय?” असं त्यानं सरांच्याच आवाजात विचारलं. आणि लगेच पुढे, बसस्थानकावरच्या बाईच्या सुरात, फलाट क्रमांक चारवर कुठली गाडी लागत आहे ते सांगितलं. सर हसले. मीही हसले. मग सरांनी वही मागितली, चाळली, मधली दोन पानं नीट वाचली आणि नवऱ्याला विचारलं, “तुम्ही झोपता कधी?” तीन फेऱ्यांत आमच्याविषयी विचारलेला हा एकमेव प्रश्न.

१०९ गुण. १०७ ते १५३ म्हणजे मध्यम स्वरूपाचा ऑटिझम. गुणांवरून टक्के काढायचा तक्ता आहे, त्यात १०६ ते १२३ ला सत्तर टक्के. मानसशास्त्रज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ अशा तिघांच्या सह्या. प्रमाणपत्र तात्पुरतं, पाच वर्षांचं. त्यानंतर फेरतपासणी.

घरी आल्यावर फोनवर मावशींनी विचारलं, “सत्तर टक्के? अगं बाई!” आप्पा पलीकडून म्हणाले, “फर्स्ट क्लास आलाय, सांग त्यांना.” निदान झाल्यापासून या विषयावर आप्पांनी केलेला हा पहिला विनोद. तो चांगला होता की नाही ते मला ठरवता आलेलं नाही, पण त्या रात्री घरात सगळे जरा मोकळे झाले होते.

कार्ड आलं. चाळीसपेक्षा कमी असेल तर पांढरा पट्टा, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळा, ऐंशीपासून पुढे निळा. आमचा पिवळा. कार्ड पोस्टानं यायच्या आधीच त्याची प्रत पोर्टलवरून उतरवून घेता येते. आप्पांनी तिच्या दहा झेरॉक्स काढून ठेवल्या. एक शाळेच्या बाईंना दिली, तीही मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज जोडून, आवक क्रमांक आणि पोच घेऊन. घंटेआधीची दोन मिनिटं आता शाळेच्या दफ्तरी आहेत.

लाभांचं मात्र एकेकाचं वेगळं दार आहे. कार्ड ही फक्त किल्ली, दारं आपण शोधायची. राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आम्ही आधी घेतली. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी, वर्षाला एक लाखापर्यंत. आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही आणि थेरपीचा खर्चही काही मर्यादेत मिळतो. न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत अर्ज करता येतो. पैसे आधी आपण भरायचे, मग बिलं लावून मागायचे. आमचं पहिलं बिल परत आलं, कारण थेरपीच्या पावत्या होत्या पण थेरपी घ्या असं सांगणारी डॉक्टरांची चिठ्ठी त्या तारखांच्या आधीची नव्हती. तेव्हा चिठ्ठी आधी, पावती नंतर. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर एक तिमाही वाचली असती.

आयकराचं नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०डीडी. अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी ७५ हजारांची वजावट आणि ऐंशी टक्क्यांपासून पुढे सव्वा लाख. खर्च किती झाला त्यावर ती कमीजास्त होत नाही. पण ती जुन्या करपद्धतीतच मिळते आणि ऑटिझम असेल तर नुसतं कार्ड पुरत नाही, आम्हाला फॉर्म १०-आयए लागला. त्यावर बालमेंदूविकारतज्ज्ञांची किंवा सिव्हिल सर्जनची सही हवी होती. पुन्हा एक बुधवार. त्या वर्षी दोन्ही पद्धतींचा हिशेब मांडला, तर जुनी आम्हाला थोडी परवडत होती. फार नाही.

एक दार आम्ही आमच्या हातानं घालवलं. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के जागांत दिव्यांग मुलं वंचित गटात येतात, त्यांना उत्पन्नाची अट नाही, चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. आमचा मुलगा शाळेत गेला त्या वर्षी आम्ही ‘कागदावर नको’ म्हणत बसलो होतो. तो हिशेब मी नवऱ्याला दाखवलेला नाही. त्यानं कदाचित स्वतःच केला असेल.

बाकड्यावरच्या त्या आईला संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मिळतं. जुलै २०२३ मध्ये ते हजाराचं दीड हजार झालं तेव्हा तिनं सगळ्यांना पेढा दिला होता. मध्येच दोन महिने पैसे आले नाहीत. बँकेत आधार जोडणीचा काहीतरी घोळ. आप्पा तिच्याबरोबर त्यांच्या जुन्या कचेरीत गेले. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच. इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून. काम झालं. आता दर महिन्याला कुणाची ना कुणाची फाईल आमच्या ओट्यावर असते आणि सासूबाईंची कुरकुर असते की घराची कचेरी झाली.

एसटीत पंच्याहत्तर टक्के सवलत मिळते. कंडक्टरनं कार्ड मागितलं की चिरंजीव ते त्यांच्या हातून काढून घेतात, वरचा अठरा अंक-अक्षरांचा क्रमांक मोठ्यांदा म्हणतात आणि परत देतात. काही कंडक्टर हसतात, काही घाई करतात. एकानं “धडधाकट तर दिसतोय” असं म्हटलं होतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. चाळीस विधानं मी बसमध्ये उभ्यानं कुठून सांगणार?

वही मी बंद केलेली नाही. फेरतपासणीला पुन्हा लागेलच. रोज नाही लिहीत, आठवड्यातून एकदा. पहिले चार घास आता दोनवर आलेत. कुकर मात्र अजून साडेचारलाच.

परवा सासूबाई फोनवर त्यांच्या बहिणीशी बोलत होत्या. मी आत भाजी निवडत होते. पलीकडून बहुधा नेहमीचा प्रश्न आला असावा, कारण त्या नेहमीच्याच सुरात म्हणाल्या, “हो तर, स्वतःच्या हातानं जेवतो की!”

मग जरा थांबल्या.

“म्हणजे,” त्या म्हणाल्या, “त्याचं एक ताट आहे बघ, पोचा आलेलं...”